कामासाठी रत्नागिरीला गेले, दोन दिवस अडकले, आणि चक्क आवडली

ओव्हरटाइम

आधीच सांगून टाकते, मी मूळची लातूरची, नोकरी पुण्यात, आणि कोकण म्हणजे माझ्यासाठी ऑफिसातल्या पोरांनी ग्रुपवर टाकलेले बीचचे फोटो. समुद्राचं मला विशेष काही वाटत नाही, मासे खात नाही, दमट हवेत डोकं दुखतं. त्यामुळे सप्टेंबरात साहेब म्हणाले की रत्नागिरीला एका लॅबमध्ये स्पेक्ट्रोफोटोमीटर बसवायचाय, तू जा, तेव्हा मी दोनदा विचारलं की दुसरं कोणी नाही का. नव्हतं. एकाची बायको बाळंतीण, दुसरा आधीच नांदेडला.

रात्रीच्या एसटीने कोल्हापूरवरून गेले. आंबा घाटात पहाट झाली, म्हणजे झाली असावी, कारण धुक्यात काचेबाहेर पांढऱ्या चादरीशिवाय काही दिसत नव्हतं, आणि शेजारच्या आजी प्रत्येक वळणाला 'देवा महाराजा' म्हणत होत्या. मग साखरपा, पाली, हातखंबा. रस्ता जिथे जिथे उकरलाय तिथे आतली माती इतकी लाल की मला आधी वाटलं कोणीतरी रंग टाकलाय. (हसू नका, आमच्याकडे सगळी काळी.)

कामाचं थोडक्यात. मशीन आलेलं, त्याचा यूपीएस नाही. ट्रान्सपोर्टवाला फोनवर 'निघालाय मॅडम' एवढंच म्हणायचा, कुठून निघालाय ते काही सांगायचा नाही. इकडे लाइट तासातासाला झपकन जाऊन येत होती, तशा लाइटीवर मशीन चालू केलं असतं तर आतला दिवा गेला असता आणि तो माझ्या पगारातून. म्हणून बसले. दोन दिवस. लॉज गोखले नाक्याजवळ, खिडकीतून समोर कौलं आणि कौलांवर शेवाळ.

पहिल्या दिवशी दुपारी एका घरगुती खानावळीत जेवायला गेले. काकूंनी विचारलं, 'मासे?' म्हटलं नाही खात. 'बरं. मग वीस रुपये कमी द्या.' झालं, संपला विषय. पुण्यात मला मासे का खात नाही यावर पंधरा मिनिटं ऐकून घ्यावं लागतं. ताटात कुळथाचं पिठलं, अळूचं फदफदं, भात, सोलकढी. मी तीनदा भात घेतला आणि तिसऱ्यांदा काकू म्हणाल्या, 'पिठलं संपलं, आता फदफद्याबरोबर संपवा.' कौतुक नाही, आग्रह नाही, पण वाढताना हात सैल.

जेवून बाहेर आले तर गाव बंद. दीड वाजलेला. कापडदुकान बंद, मेडिकलचं शटर अर्ध्यावर, मी मोबाइलचा चार्जर घ्यायला निघालेले तर त्याच्या दारावर 'चार नंतर'. रिक्षावाल्याला म्हटलं मांडवीला सोडता का, तो सीटवर आडवा झालेला, उठलासुद्धा नाही. 'मांडवी कशाला रिक्षाने. उतारच आहे, चालत जा.' खरं सांगते, मला भरून आलं. धंदा सोडून माणूस चालत जा म्हणतोय! मी ते स्टेटसला पण टाकलं.

तर मांडवी. काळी वाळू. मला माहीतच नव्हतं की वाळू काळी असते. माझ्या टूलकिटमध्ये चुंबकाच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर असतो, मशीनमध्ये पडलेला स्क्रू उचलायला. सहज टोचला वाळूत, तर बाहेर काढला तेव्हा त्याला दाढी आलेली! बारीक काळे कण लटकलेले. पुढचा अर्धा तास मी, वय वर्षं चौतीस, पाण्याच्या कडेला उकिडवी बसून वाळूत स्क्रूड्रायव्हर खुपसत होते. जेट्टीवर गळ टाकून बसलेल्या एका आजोबांनी बघितलं, उठून आले. 'काय हरवलं?' म्हटलं काही नाही, वाळू बघतेय. 'बरं.' परत जाऊन बसले. दहा मिनिटांनी तिथूनच ओरडून, 'कोणाकडे उतरलात?'

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या सरांना विचारलं तर त्यांनी बरणीच काढली. म्हणाले त्यात इल्मेनाइट आहे, लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज, डोंगरातला काळा दगड झिजून नद्यांतून येतं, जड असतं म्हणून हलकी वाळू वाहून जाते आणि हे किनाऱ्यावर थरांत साठून राहतं. आणि मग म्हणाले किल्ल्याच्या पलीकडे जा, तिकडे पांढरा समुद्र. मला वाटलं गंमत करताहेत. तर नावच ते आहे. एकाच गावात रत्नदुर्गाचा डोंगर मध्ये समुद्रात शिरलाय आणि एका अंगाला काळा समुद्र, एका अंगाला पांढरा, आणि गावातले लोक हे 'डावीकडे पोस्ट ऑफिस' म्हणावं तसं सांगतात. मी पलीकडे जाऊन पण स्क्रूड्रायव्हर टोचला. जवळजवळ काहीच नाही चिकटलं.

थिबा राजवाड्यात पण गेले, पाऊस थांबेना म्हणून, इतिहासाची आवड म्हणून नाही. ब्रह्मदेशाचा राजा, इंग्रजांनी १८८५ मध्ये राज्य घेतलं, पुढच्या वर्षी इथे आणून ठेवला. राजवाडा बांधून झाला १९१० ला. म्हणजे चोवीस वर्षं दुसऱ्याच्या बंगल्यांत. आणि राहायला मिळाला जेमतेम सहा वर्षं, १९१६ ला गेला. आमच्या बिल्डरने फ्लॅटचा ताबा द्यायला सात वर्षं लावली त्याचं मला एकदम काहीच वाटेनासं झालं. आत फार लोक नव्हते. जांभ्याच्या भिंती, सागवानी लाकूड, वरच्या कमानीदार खिडक्या, आणि मागे खाडी दिसते, भाट्याची. पावसात खाडी आणि आभाळ एकाच रंगाचं झालेलं. त्या खिडकीशी मी बराच वेळ उभी होते. तिथला माणूस म्हणाला, 'बंद करायची वेळ झाली', मग निघाले.

तिसऱ्या दिवशी यूपीएस आला, काम दीड तासात संपलं, रात्रीची गाडी पकडली. छत्री खानावळीत राहिली.

मला सांगायचंय एवढंच की हे गाव मला खूश करायला बघत नव्हतं. कोणी 'मॅडम हे बघा ते बघा' केलं नाही, कोणी काही विकलं नाही. जे विचारलं त्याचं उत्तर मिळालं, तेवढंच. मला ते फार बरं वाटलं. तुमचं कोणाचं असं झालंय का, कामाला म्हणून कपाळाला आठ्या घालून गेलात आणि गावच आवडलं?

नाशिकची द्राक्षं

गणपतीपुळ्याला गेली नाहीस???

ओव्हरटाइम

नाही.

अर्धा चहा

रत्नागिरीला जाऊन गणपतीपुळं नाही म्हणजे लग्नाला जाऊन जेवली नाही असं झालं. आरे-वारेच्या रस्त्याने तासाभराचं तर काम, एका बाजूला डोंगर एका बाजूला समुद्र, त्या वळणावर गाडी थांबवून आम्ही चहा पितो दर वेळी. गणपतीपुळ्याच्या जरा पुढे मालगुंड, कवी केशवसुतांचं जन्मगाव, स्मारक पण छान आहे.

ओव्हरटाइम

माझ्याकडे गाडी नव्हती, पाऊस होता, आणि खरं तर मला गावातच बरं वाटत होतं. पुढच्या वेळी जाईन. ओरडू नका.

कुवारबावकर

चांगलं लिहिलंय ताई, पण स्थानिक म्हणून एक दुरुस्ती. तो रिक्षावाला तुमच्यावर उपकार करत नव्हता. दीड वाजलेला. त्याला घरी जाऊन जेवायचं होतं आणि मग झोपायचं होतं. मांडवीहून परत चढ आहे, दुपारी उलटं भाडं मिळत नाही. म्हणून चालत जा. चार वाजता विचारलं असतं तर किल्ल्यापर्यंत फिरवून आणलं असतं आणि बिल पण तसंच लावलं असतं.

ओव्हरटाइम

😂😂 माझं स्टेटस आता डिलीट करू का

माहेर रत्नागिरी

कुवारबावकर, तुम्ही ना! जरा कोणाला बरं वाटू द्यायचं नाही. (पण बरोबर आहे. माझे काका रिक्षा चालवायचे, दुपारी दीड ते चार गिऱ्हाईक म्हणजे शत्रू.)

ओव्हरटाइम, तुझं 'कोणाकडे उतरलात' वाचून मी ऑफिसात मोठ्याने हसले. लॉजवर उतरलेला माणूस आमच्याकडे कोणाला पटतच नाही. कोणाकडे तरी उतरलेलाच असणार, नाहीतर आला कशाला. मी लग्नानंतर ठाण्याला आले तर पहिले सहा महिने शेजारणीने एकदा पण विचारलं नाही तू कोणाची कोण. मला वाटलं रागावलीय.

तिरफळ

थिबाचं एक राहिलं. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६, टिळक आळीत ते घर आहे अजून, बघायला मिळतं. त्या टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झाली आणि नेऊन ठेवलं कुठे, तर मंडालेच्या तुरुंगात, म्हणजे थिबाच्याच राजधानीत. १९१४ पर्यंत. म्हणजे ती सहा वर्षं मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत. मी शाळेत असताना दोन्ही धडे वेगवेगळ्या इयत्तेत होते त्यामुळे हे डोक्यात कधी जोडलंच गेलं नाही, चाळिशी उलटल्यावर राजवाड्याच्या पायरीवर भजी खाताना एकदम लक्षात आलं आणि भजी हातातच राहिली.

ओव्हरटाइम

अरे बापरे. हे मला तिथे उभी असताना माहीत असतं तर!

सड्यावरचा

सप्टेंबरात गेलात आणि सडा नाही बघितला याचं मला गणपतीपुळ्यापेक्षा जास्त वाईट वाटतंय. गावातून बाहेर पडलं की जांभ्याची उघडी पठारं, त्यांना आम्ही सडा म्हणतो, मेमध्ये तव्यासारखी तापतात आणि पावसात त्यावर बोटभर माती धरून सीतेची आसवं, तेरडा, सोनकी असं काय काय उगवतं. जेमतेम महिना दीड महिना. मग परत तवा.

आणि ह्याच सड्यांवर कातळशिल्पं. उक्षी, जांभरुण, कशेळी, देवाचं गोठणं, राजापूरकडे बारसू. माणसं, मासे, हत्ती, वाघ, काही काही आकृत्यांना तर काय म्हणायचं तेच कळत नाही. भिंतीवर नाहीत, जमिनीवर आडवी कोरलेली, त्यामुळे पायाखालून जातात आणि कळत नाही. लहानपणी आम्ही गुरं घेऊन त्यांच्यावरून गेलोय, आजी म्हणायची पांडवांनी कोरली. रत्नागिरीतल्याच काही हौशी मंडळींनी सडे पालथे घालून शोधली आणि आता २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की जवळ उभं राहून तो हत्ती आहे हे कळतच नाही, लांब उंचावर जावं लागतं.

विदर्भातून

बारसू म्हटलं की रिफायनरी आठवते, त्याचं काय झालं पुढे

तिरफळ

नको. तो विषय इथे काढलास तर उद्या हा धागा बंद. दुसरा काढ.

कुवारबावकर

सडा आलाच आहे विषयात तर आता दुसरी बाजू पण ऐका, नाहीतर सगळे बॅगा भरून येतील. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आणि मे महिन्यात वाड्यांवर टँकर. का? तोच तो जांभा, सगळा भोकाभोकांचा, पाणी आत शिरतं आणि थांबत नाही, उतार समुद्राकडे, दिवाळीपर्यंत निम्मं समुद्राला मिळालेलं. गावाला शीळच्या धरणाचं पाणी, त्याची पातळी एप्रिलपासून आम्ही क्रिकेटच्या स्कोअरसारखी विचारतो. लाइटचं तुम्ही बघितलंतच. जरा मोठं आजारपण आलं की कोल्हापूर नाहीतर मुंबई. माझ्या आळीत बारा घरं, त्यातली सात गणपतीला उघडतात आणि शिमग्याला उघडतात, मधे कुलूप. तुम्हाला जी शांतता आवडली ना ताई, ती निम्मी ह्या कुलपांची आहे.

ओव्हरटाइम

हे वाचून थोडा वेळ गप्प बसले. मला खरंच हे दिसलं नाही, किंवा दिसलं आणि मी त्याला शांतता म्हटलं. लॉजच्या खिडकीसमोरच्या कौलारू घराला पण कुलूप होतं आता आठवतंय. मी त्याचे फोटो काढले होते 'किती सुंदर' म्हणून.

माहेर रत्नागिरी

त्यात आमचं पण एक घर आहे. काय करणार. दर मे महिन्यात ठरवतो की या वर्षी कौलं शाकारायची आणि जूनमध्ये भाऊ फोन करून सांगतो माणूस मिळत नाही.

कुवारबावकर

माणूस आहे, नंबर देतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा. पण तो मेच्या पंधरा तारखेनंतर येत नाही, एप्रिलमध्ये बोलून ठेवा.

नाशिकची द्राक्षं

मुंबईहून जायला ट्रेन बरी का बस? पावसाळ्यात दरड वगैरे भीती वाटते.

अर्धा चहा

ट्रेन. जनशताब्दी किंवा मांडवी एक्सप्रेस. जूनपासून ऑक्टोबरात कधीतरीपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात, त्यामुळे वेळ नीट बघून तिकीट काढ. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटर, त्यात शिरलं की आमची मुलगी एक ते शंभर मोजायला लागते आणि शंभर झाले तरी अंधारच. स्टेशन गावात नाही हं, बरंच बाहेर आहे, वर. उतरल्यावर समुद्र कुठाय म्हणून बघू नकोस, दिसणार नाही.

सड्यावरचा

मुलं बरोबर असतील तर मत्स्यालयात न्या, सागरी संशोधन केंद्राचं आहे. देवमाशाचा सांगाडा आहे तिथे. माझा पोरगा त्याच्यासमोरून हललाच नाही, शेवटी आईस्क्रीमचं आमिष.

मालवणी खाजा

गजाल बरी लिवलंस. पण रत्नागिरी बघून कोकण बघलंय म्हणा नको. एकदा मालवणाक ये, मगे सांग. मासे खाणा नाय म्हणतस? मगे ऱ्हवांदे, रत्नागिरीच बरी.

ओव्हरटाइम

🙏 खाजा मात्र खाते.

विदर्भातून

तू विचारलंस ना असं कोणाचं झालंय का, कोणी उत्तरच देईना, सगळे रत्नागिरीतच फिरताहेत. माझं झालंय पण तेही रत्नागिरीचंच, त्यामुळे काय बोलणार. मी यवतमाळचा, बँकेत ऑडिटला गेलो होतो, पंधरा दिवस, जानेवारी. पतितपावन मंदिराजवळ खोली होती. बोर्ड वाचला तेव्हा कळलं की १९३१ सालचं, भागोजीशेठ कीरांनी पैसा घातलेला, सावरकर तेव्हा इथे स्थानबद्ध होते, आणि कोणत्याही जातीच्या माणसाला आत येता यावं म्हणूनच बांधलेलं. कीर म्हणजे ज्यांनी दादरची स्मशानभूमी बांधली तेच. संध्याकाळी काम संपलं की मी तिथल्या ओट्यावर जाऊन बसायचो. आजूबाजूची मंडळी रोज येऊन बसायची, आठव्या दिवशी एकाने जागा सरकवून दिली. सात दिवस कोणी बोललं नाही. आठव्या दिवशी एकदम घरचा. आंब्याच्या मोहोरावर पडलेल्या तुडतुड्यांपासून ते जावयाच्या नोकरीपर्यंत सगळं सांगितलं मला.

तिरफळ

सात दिवस म्हणजे लवकरच. तुम्ही चेहऱ्याने बरे असणार.

बाकी पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी नगर वाचनालय चुकवू नका, १८२८ पासूनचं आहे. पावसात अडकलात तर लॉजवर मोबाइल बघत बसण्यापेक्षा तिथे जा. मी निम्मं बालपण तिथे काढलं आणि उरलेलं तिथून उशिरा परत केलेल्या पुस्तकांचा दंड भरण्यात.

अर्धा चहा

ओव्हरटाइम, छत्रीचं काय झालं ते सांगितलं नाहीस.

ओव्हरटाइम

धागा वर काढतेय, सॉरी, पाच महिने झाले. परवा परत जाऊन आले, त्याच मशीनचं सर्व्हिसिंग. यावेळी स्वतः मागून घेतलं, साहेबांना वाटलं माझी तब्येत बरी नाही.

फेब्रुवारीत गाव वेगळंच. सडा बघितला, तवा म्हणतात तो हाच, एक फूल नाही. उक्षीला जाऊन कातळावरचा हत्ती बघितला, आधी त्याच्या पायावर उभी होते आणि विचारत होते हत्ती कुठाय. टिळक आळीतलं घर बघितलं. गणपतीपुळं यावेळी पण नाही झालं. हो, माहितीये.

खानावळीत गेले. काकूंनी चेहरा बघितला, काही बोलल्या नाहीत, आत गेल्या आणि छत्री आणून टेबलावर ठेवली. उघडून बघितली तर एक काडी मोडलेली, तारेने बांधलेली. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, 'पाऊस होता ना, वापरली आम्ही. मासे अजून खात नाही?'